अझावाखसाठी मार्टिंगेल पट्टा, आठ महिने वापरून

आमच्या सावलीसाठी (अझावाख जातीची कुत्री, साडेतीन वर्षं, १८ किलो) हा पट्टा घेतला त्याला आठ महिने झाले. साइटहाउंड, म्हणजे नजरेने शिकार करणारे कुत्रे, पाळणाऱ्यांना कळकळीने सांगते, साधा बकलचा पट्टा नको, मार्टिंगेलच घ्या. या कुत्र्यांचं डोकं इतकं अरुंद असतं की पट्टा जरा सैल राहिला तर सरळ डोक्यावरून निघतो, आणि घट्ट बांधला तर गळ्याला काचतो. आमच्याकडे झालंय ते. समोर मांजर दिसली, सावली पुढे झेपावलीच नाही, उलट दोन पावलं मागे सरकली, मान खाली घातली, कान मागे चिकटवले आणि माझ्या हातात लीश आणि रिकामा पट्टा! अर्धा तास रडकुंडीला येऊन शोधत होते. ही जात नजरेने शिकार करते, एकदा पळत सुटली की हाक कानात शिरतच नाही.

मार्टिंगेलला दोन वळी असतात, मोठं मानेभोवती आणि लहान लीशला. ओढ लागली की लहान वळं मोठ्याला आवळतं, ओढ थांबली की सैल. माप कानांच्या अगदी मागे घ्या, आणि पूर्ण आवळल्यावरही मोठ्या वळ्याच्या टोकांच्या दोन कड्या एकमेकींना टेकायला नकोत, टेकल्या म्हणजे पट्टा मोठा आहे. हा ५ सेंमी रुंद आहे, आतून फ्लीस. अझावाखचे केस तोकडे, कातडी पातळ, आधीच्या नायलॉनने मानेवर लाल वळ उठला होता, तो गेला.

तक्रार एकच पण मोठी, माप लहानमोठं करायची सरकती कडी हळूहळू ढिली होते, मी दर रविवारी तपासते. म्हणून एक स्टार कमी.

याला बकल नाही, डोक्यावरून घालावा लागतो. आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला असलेल्या साहेलमध्ये भटक्या तुआरेग लोकांच्या तळांवर राखण करणारी ही जात, डोक्यावर हात आलेला हिला सहज चालत नाही. मी आठवडाभर पट्ट्याच्या वळ्यातून खाऊ धरला, मग ती आपणहून तोंड घालायला लागली. घाई करू नका.

घरात मात्र काढून ठेवा, कुठे अडकला तर आवळत जाईल. आणि आपोआप लांब सुटणारी लीश याला अजिबात लावू नका, हे कुत्रं चार ढांगांत वेग घेतं आणि दोरी संपली की सगळा हिसका मानेवर. दुसरा मागवलाय, यावेळी बकलवाला मार्टिंगेल, डॉक्टरांकडे काढघाल सोपी जाईल म्हणून.