सायबरशेफ: आठ महिन्यांच्या वापरानंतर

बेळगावात उद्यमबागेजवळ आमचं छोटं ऑफिस आहे. कामं बहुतेक पतसंस्थांची. निपाणीच्या एका संस्थेत सभासदांची नोंद डॉटनेटच्या प्रोग्रॅमात होते, मोबाइल अ‍ॅपचा सर्व्हर जावात आहे. इकडे नाव एन्क्रिप्ट होतं (गुप्त किल्लीने कुलूपबंद), तिकडे डिक्रिप्ट (त्याच किल्लीने उघडतं). जोडणी केली त्या दिवशी एकही नाव उघडेना, प्रत्येकाला पॅडिंगचा एरर. (पॅडिंग म्हणजे १६ बाइटचा ठोकळा पुरा करायला शेवटी घातलेली भरती.) भरतीची पद्धत म्हणून एकीकडे पीकेसीएस५ लिहिलेलं, दुसरीकडे पीकेसीएस७, म्हणून तीन दिवस मी तेच धरून बसले. आम्ही वापरतो त्या एईएस एन्क्रिप्शनमध्ये या दोन्ही नावांचा अर्थ एकच होतो.

मग सायबरशेफ घेतलं. ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तचर संस्थेने २०१६ साली खुलं केलेलं, डेटा उलगडून बघायचं हे मोफत साधन ब्राउझरमध्येच चालतं. डाउनलोड करून ठेवलं की नेटही लागत नाही. यात सीबीसी या एईएसच्या प्रकाराला 'नो पॅडिंग' (भरती तपासू नको) लावता येतं, आणि त्याचं खरं मोल मला तिथेच कळलं. एरर देऊन न थांबता ते आतले बाइट जसेच्या तसे समोर ठेवतं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसता कचरा, म्हणजे दोष किल्लीचा. (नुसती आयव्ही, म्हणजे किल्लीसोबत द्यायचे सुरुवातीचे १६ बाइट, चुकली तर पहिले १६ बाइट बिघडतात, पुढचं नीट येतं.) पासवर्डपासून किल्ली करताना डॉटनेटने आपणहून गणिताच्या १००० फेऱ्या धरलेल्या, जावात आम्ही ६५५३६ लिहिलेल्या. म्हणून दोन्हीकडच्या किल्ल्या वेगळ्या.

किल्ली जुळली, तर दुसऱ्या दिवशी संस्थेतून फोन. "मॅडम, नावाच्या जागी स्वल्पविराम नि आकडे दिसायलेत."

चाचणीला 'बेळगाव' हा शब्द पाठवला आणि हेक्समध्ये (प्रत्येक बाइट दोन अंकी खुणेत) बघितला. एकाआड एक बाइट ०९, शेवटी चार वेळा ०४. काना-मात्रा धरून सहा चिन्हं, यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत त्यांचे १८ बाइट व्हायला हवेत. इथे १२ च, वर भरतीचे चार. डॉटनेटकडून यूटीएफ-१६ येत होतं, त्यात या प्रत्येक चिन्हाचे दोनच बाइट. इंग्रजी नावं वरवर बरोबर दिसायची, पण प्रत्येक अक्षरामागे एक शून्य बाइट लपलेला. आमच्या सीमाभागात नावं मराठीत असतात, कन्नडमध्ये असतात. चाचणीही त्याच नावांवर घ्यायला हवी होती.

सायबरशेफच्या एईएस डिक्रिप्ट खान्यात इनपुट मुळात 'हेक्स' धरलेला असतो. बेस६४ (बाइट साध्या अक्षरांत लिहायची पद्धत) उलगडून दिलं तर तो 'रॉ' (जसेच्या तसे बाइट) करावाच लागतो. पहिल्या आठवड्यात इथे माझा फार वेळ गेला. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. तुम्ही टाकलेली किल्ली आणि मजकूर पानाच्या लिंकमध्येच जाऊन बसतात, ब्राउझरच्या हिस्ट्रीतही उरतात. ती लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाला पाठवू नका. मी आता चाचणीची वेगळी किल्लीच वापरते.