पिवळी गाडी : रेप्लिका सुपरकार घेताना झालेल्या फसवणुकीची हकीकत

गेल्या महिन्यात शिरपूरहून एका अनोळखी तरुणाचा फोन आला. "आप्पा, तुमची पिवळी लॅम्बोर्गिनी कशी चालते?" असे त्याने अगदी आदराने विचारले. त्याला तशीच गाडी विकू पाहणाऱ्या इसमाने माझ्या पुतण्याच्या वरातीतले छायाचित्र 'जळगाव जिल्ह्यातील समाधानी ग्राहक' म्हणून पाठवले होते, आणि या पोराने छायाचित्रातील मंगल कार्यालयाच्या पाटीवरून चौकशी करत माझा नंबर मिळवला होता. त्या छायाचित्रात टपावर झेंडूची चादर आहे, पुढे बँड आहे आणि मी फेटा बांधून हसतो आहे. त्यानंतरच्या वीस मिनिटांत काय घडले ते त्यात दिसत नाही, म्हणून ही हकीकत लिहीत आहे.

आरंभीच एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ती गाडी खरी लॅम्बोर्गिनी आहे असे मला कोणी सांगितले नव्हते आणि मीही तसे मानले नव्हते. मी केळीचा व्यापारी आहे. सोळा लाखांत लॅम्बोर्गिनीची गॅलार्डो मिळत नाही एवढा हिशेब मला कळतो. मी जाणूनबुजून नक्कल घ्यायला गेलो होतो. फसवणूक झाली ती नक्कल कशाची आणि कशी केली आहे याबाबत, आणि ती पचवणे अधिक कठीण जाते, कारण लोकांना थोडेसे फसवण्याची हौस मलाही होती.

धुळे, जळगाव, भुसावळ या भागातील आम्ही दहा-बारा गाडीवेडे लोक रविवारी सकाळी महामार्गावरच्या एका हॉटेलात जमतो. नकली सुपरकार या विषयावर आमच्यात कधीही एकमत झालेले नाही. भुसावळच्या लोको शेडमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले एक नाना नकलेच्या बाजूचे आहेत, मात्र त्यांची अट कडक आहे. १९६२ साली कॅरोल शेल्बी यांनी एसी या ब्रिटिश कंपनीच्या हलक्या गाडीत फोर्डचे आठ सिलिंडरचे व्ही-८ इंजिन बसवून कोब्रा ही स्पोर्ट्स कार तयार केली. अस्सल कोब्रा सुमारे एक हजारच बनल्या आणि तिच्या नकला मात्र त्याच्या कितीतरी पट झाल्या, पण त्यांपैकी चांगल्या नकलांना मोटारवेड्यांत मान आहे, असे नाना सांगतात. लोटस सेव्हनचा दाखला ते त्याहून आवडीने देतात. कॉलिन चॅपमन यांची ही गाडी १९५७ पासून सुट्या भागांच्या पेटीत मिळत असे, कारण इंग्लंडमध्ये तयार गाडीवर खरेदी कर होता आणि भागांच्या संचावर तो लागत नसे. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले आणि ती आजही घरी जोडता येते. नानांच्या मते असा संच स्वतः जोडणारा माणूस नकलाकार नव्हे, तो कारागीर होय.

याच्या अगदी उलट मत जळगावच्या सराफ बाजारातील आमच्या एका मित्राचे आहे. एक ग्रॅमचा हार एक ग्रॅमचा म्हणून विकला तर त्यात गैर काही नाही, पण त्यावर कोणी नामांकित पेढीचा शिक्का मारला तर ती चोरी ठरते, आणि बॉनेटवर लॅम्बोर्गिनीचे बैलाचे चिन्ह चिकटवले की नकली गाडीही त्याच रांगेत बसते, असे त्यांचे म्हणणे. फेरारीने अमेरिकेत अशाच कारणासाठी न्यायालयात धाव घेतली होती आणि तिच्या गाड्यांसारखे फायबरचे सांगाडे विकणाऱ्याविरुद्धचा निकाल १९९१ साली वरच्या न्यायालयानेही कायम ठेवला. ब्राझीलमध्ये २०१९ साली पोलिसांनी नकली फेरारी व लॅम्बोर्गिनी बनवणारा कारखानाच बंद पाडला. हा वाद रंगला त्या रविवारी मी नानांची बाजू घेऊन भांडलो होतो. तेव्हा माझ्या खिशात विसाराची पावती होती हे मी कोणालाच सांगितले नव्हते.

विक्रेत्याची कार्यशाळा दुसऱ्या राज्यातील एका मोठ्या शहरात आहे. त्याचे नाव लिहीत नाही, कारण प्रकरण चालू आहे. माणूस बोलायला मऊ होता आणि त्याला विषयाची माहिती खरोखरच होती. अमेरिकेत पाँटियाक फिएरो ही गाडी १९८४ ते १९८८ या काळात बनली. तिचे इंजिन आसनांच्या मागे, आतला सांगाडा पोलादी आणि त्यावर प्लास्टिकचे पत्रे नटबोल्टने लावलेले असत, म्हणून ते पत्रे उतरवून फेरारीचे पत्रे चढवणे सोपे जाई, हे त्याने मला नीट समजावून सांगितले. आपणही त्याच धर्तीवर वेगळी पाइपची चासी करतो, होंडा सिव्हिकचे १.८ लिटरचे इंजिन काढून मागे बसवतो, असे तो म्हणाला. तेवढे त्याचे बोलणे खोटे होते. फिएरो आपल्याकडे कधी विकली गेली नाही. इंजिन मागे असलेली स्वस्त गाडी म्हणावी तर आपल्याकडे नॅनो होती, आणि तिच्यावर लॅम्बोर्गिनी कोणी चढवत नाही. त्यामुळे इथे इंजिन मागे न्यायचे म्हणजे गिअर जोडणी, पाण्याचे पाइप, पेट्रोलची टाकी, सारे नव्याने करावे लागते, आणि ते सोळा लाखांत होणे कठीण आहे हे मला कळायला हवे होते.

त्याचा सर्वांत हुशार डाव लोहचुंबकाचा होता. मी विचारण्याआधीच त्याने खिशातून चुंबक काढून माझ्या हातात दिला आणि "कुठेही लावून बघा" म्हणाला. चुंबक कुठेच चिकटला नाही. खऱ्या गॅलार्डोचा सांगाडा आणि बाहेरचे पत्रे अॅल्युमिनियमचे असतात, हे सत्य आहे आणि ते मला ठाऊक होते, त्यामुळे आपल्या हाताखाली अॅल्युमिनियमच आहे अशी माझी खात्री पटली. फायबरलाही चुंबक चिकटत नाही, हा साधा विचार त्या क्षणी मनात आला नाही. बोटाच्या पेराने टकटक केली असती तर पत्र्याचा नाद आणि फायबरचा बोदा आवाज यांतला फरक लहान मुलालाही कळला असता. आमचे आजोबा सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेताना दात, खूर आणि भोवरे तपासल्याशिवाय लगामाला हात लावत नसत. त्यांचा नातू विक्रेत्याच्याच चुंबकाने गाडी तपासत होता.

दारे वर उघडणारी होती. खऱ्या गॅलार्डोची दारे साध्या मोटारीसारखी बाहेर उघडतात. वर उघडणारी दारे काउंटाक या जुन्या लॅम्बोर्गिनीपासून पुढच्या बारा सिलिंडरच्या मॉडेलांना असतात. हेही मला माहीत होते. "गिऱ्हाइकाला आवडतात म्हणून लावतो" असे त्याने सांगितले, आणि मलाही ती आवडली. इंजिन पाहू द्या म्हटले तर मागचे झाकण नवे रंगवल्यामुळे दोन दिवस उघडायचे नाही, असे उत्तर मिळाले. इंजिन सुरू असल्याची चित्रफीत मात्र त्याने दाखवली आणि तिच्यातला आवाज छातीत घुमणारा होता. चार स्ट्रोकच्या इंजिनात एका फेऱ्यात चार सिलिंडरमध्ये दोन स्फोट होतात आणि गॅलार्डोच्या दहा सिलिंडरमध्ये पाच, त्यामुळे सायलेन्सर कितीही कापला तरी सिव्हिकच्या इंजिनातून तो सूर निघणे शक्य नाही. तो आवाज वरून भरलेला होता.

सहा लाख रोख आणि दहा लाख बँकेतून, असे पैसे गेले. रोख रकमेची पावती मिळाली नाही. विसाराच्या पावतीवर आणि नंतरच्या करारावर 'फायबर बॉडी किट व मजुरी' एवढेच शब्द होते. पुढे वकिलांनी पहिले बोट त्याच शब्दांवर ठेवले, कारण कागदावर त्याने मला गाडी विकलेलीच नव्हती. आरसी बुक चंदेरी रंगाच्या होंडा सिव्हिकचे दिले आणि "पासिंगचे आमचा एजंट पाहील" असे सांगून ट्रकवरून गाडी घरपोच केली. आसनांमागच्या जाळीतून काळ्या रंगाचे काहीतरी यंत्र दिसे, त्यावर माझे समाधान झाले. ते इंजिनाच्या आकाराचे फायबरचे झाकण होते.

पुतण्याचे लग्न आखाजीनंतरच्या आठवड्यात होते. जळगावचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना संध्याकाळी सहालाही डांबर कसे तापलेले असते ते सांगायला नको. वरात बँडच्या चालीने निघाली आणि वीस मिनिटांत तापमानाचा काटा वर टेकला. पुढच्या नाकावरची हवेची मोठमोठी भगदाडे म्हणजे काळा रंग दिलेले बंद फायबर होते, आणि इंजिन त्यांच्याच मागे, म्हणजे पुढच्याच बाजूला, मूळ जागी होते. वाफ सुटली, बॉनेटची तार तुटली म्हणून ते उघडेना, आणि उन्हात उभ्या असलेल्या त्या बॉनेटवर पुट्टीचे फोड आले. नवरदेव उतरून पायी मंडपात गेला. वराती मंडळींपैकी तोंडावर कोणी काही बोलले नाही. हसणे मागे ऐकू आले.

धुळ्याच्या एका जुन्या मिस्तरींनी गाडी रॅम्पवर घेतली, खाली दिवा फिरवला आणि बराच वेळ काही न बोलता शेवटी म्हणाले, "आप्पा, हाई गाडी नही शे, हाई सोंग शे." वेगळी पाइपची चासी नव्हतीच. गॅलार्डोची उंची ११६५ मिलिमीटर असते आणि सिव्हिक तिच्याहून बरीच उंच, म्हणून टप वीतभराहून जास्त कापून खाली आणला होता. दारामागचे खांब मधून तोडून त्यांत खिडकीच्या जाळीला वापरतात तसला चौकोनी पाइप घालून वेल्डिंग केले होते. अपघातात आतल्या माणसाला वाचवणारा भाग तो हाच. एअरबॅग काढून टाकल्या होत्या आणि सीटबेल्टचा वरचा बोल्ट फायबरमध्ये आवळलेला होता. दोन्ही गाड्यांच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतरही जुळत नाही. खऱ्या गॅलार्डोचे २५६० मिलिमीटर, सिव्हिकचे २७००. घरून टेप नेली असती तरी पुरे होते.

खरा धक्का त्यानंतर बसला. चासी क्रमांक असलेल्या पत्र्याच्या चौकटीभोवती वेल्डिंगची रेघ होती. आरसी बुकातली गाडी विमा कंपनीने पूर्ण नुकसान म्हणून निकाली काढलेली होती, आणि तिचा क्रमांक असलेला तुकडा कापून दुसऱ्याच सिव्हिकमध्ये बसवला होता. ही दुसरी सिव्हिक कोणाची, ती कशी आली, हे मला आजही ठाऊक नाही. पोलीस ठाण्यात मी तक्रारदार म्हणून गेलो, आणि पहिला तासभर मलाच प्रश्न विचारले गेले. त्यात त्यांची चूक नव्हती. गाडी माझ्या वखारीत होती.

कायद्याची बाजू आम्ही मित्र चर्चेत नेहमी सोडून देत असू, म्हणून ती इथे लिहितो. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे ठरेल असे फेरफार गाडीत करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. इथे मालक हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण तो मी. इंग्लंडमध्ये घरी जोडलेली गाडी तपासून तिला रस्त्यावर येऊ देणारी एकेका गाडीची स्वतंत्र चाचणी आहे. अमेरिकेत २०१५ च्या कायद्याने छोट्या उत्पादकाला वर्षाला ३२५ पर्यंत जुन्या गाड्यांच्या प्रतिकृती करण्याची वाट मोकळी केली. आपल्याकडे एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेकडून नमुन्याची चाचणी करून घेतल्याशिवाय उत्पादकाला गाडी विकता येत नाही, आणि गल्लीतल्या कार्यशाळेने ती करून घेतलेली नसते. म्हणून 'पासिंग करून देतो' हे वाक्य कानावर पडले की तिथून उठावे. विम्याचेही तेच आहे. न कळवलेल्या बदलांसह त्या गाडीने कोणाला धडक दिली असती तर विमा कंपनीने माझ्याकडेच बोट दाखवले असते.

शिरपूरच्या त्या तरुणाला मी हे सारे फोनवर सांगितले. गाडी रॅम्पवर चढवून स्वतःच्या मिस्तरीकडून पाहू देत असेल तरच पुढे बोल, चासी क्रमांकावर बोट फिरवून पाहा, करारात 'मजुरी' हा शब्द दिसला तर सही करू नकोस, असे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "पण आप्पा, दिसते भारी हो." मला राग आला नाही. दोन वर्षांपूर्वी मीही हेच म्हणालो होतो.

रविवारच्या बैठकीत आता नाना आणि सराफ मित्र यांच्यातला वाद बंद झाला आहे असे नाही, पण माझ्यासमोर ते तो काढत नाहीत. ग्राहक आयोगात दोन वर्षांची मुदत संपण्याआधी मी तक्रार दाखल केली. विक्रेत्याचा जबाब असा आहे की ग्राहकाने स्वतः बॉडी किट मागितले आणि ते त्याला मिळाले. छायाचित्र वापरू नये म्हणून पाठवलेल्या नोटिशीला उत्तर नाही. पुरावा असल्यामुळे गाडी हलवता येत नाही, आणि ती वखारीत केळीच्या क्रेटमागे ताडपत्रीखाली उभी आहे.