रंगाखाली पुट्टी: ‘हाताने बनवलेल्या’ स्टील फ्रेमच्या नावाखाली झालेली फसवणूक

हाताने बनवलेल्या स्टीलच्या माउंटन बाइक फ्रेमची ऑर्डर ज्यांनी दिली आहे किंवा जे देणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. रंग चढायच्या आधीची उघडी फ्रेम तुम्ही स्वतः किंवा तुमच्या खात्रीच्या माणसाने बघेपर्यंत शेवटचा हप्ता हातातून सोडू नका. माझे पैसे गेले ते गेलेच, पण त्या बदल्यात जी वस्तू आली ती एखाद्या उतारावर जीव घेऊ शकली असती. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मला हवी होती साधी हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल. पुढे १३० मिमी ट्रॅव्हलचा (म्हणजे तेवढा दबणारा) फोर्क, हेड अँगल, म्हणजे त्या फोर्कच्या वरच्या नळीचा कल, ६६ अंश, ट्यूब रेनॉल्ड्स कंपनीच्या ७२५ स्टीलच्या, डबल बटेड, म्हणजे दोन्ही टोकांना जाड आणि मधे पातळ, आणि सगळे जोड फिलेट ब्रेझिंगचे. या प्रकारात स्टील वितळवत नाहीत. ते लालभडक तापवून पितळी सळईचा डाग देतात. सळई ९०० अंशांच्या आसपास वितळते, स्टीलला त्यासाठी १,४०० च्या वर जावं लागतं. दोन ट्यूबच्या कोनात पितळ भरायचं आणि थंड झाल्यावर कानशीने तासत तासत त्याला गोलवा आणायचा. कानस जरा जास्त चालली तर शेजारची पातळ ट्यूबच खाल्ली जाते, म्हणून हे काम मुरलेल्या हाताचं. रंग दिल्यावर मात्र बाहेरून दिसतो तो फक्त गोलवा. आत पितळ आहे की आणखी काही, हे डोळ्यांना कळत नाही. सगळी फसवणूक उभी राहिली ती एवढ्याच गोष्टीवर.

दुसरी गोष्ट म्हणजे वाट बघणं. हा धंदा मुळातच एकट्यादुकट्या माणसांचा. कॅलिफोर्नियातल्या मॅरिन काउंटीत जो ब्रीझ या कारागिराने १९७७ मध्ये क्रोमोली या मिश्र स्टीलची पहिली ‘ब्रीझर’ माउंटन बाइक स्वतःच्या हाताने जोडली, तेव्हापासून चांगल्या कारागिराकडे रांग असणं यात कुणाला नवल वाटत नाही. विसार द्यायचा, वर्षभर थांबायचं, मधूनमधून फोटो यायचे. त्यामुळे माझ्या कारागिराचे वायदे पुढे पुढे जाऊ लागले तेव्हा संशय यावा असं त्यात काही नव्हतं. ट्यूब यायच्या आहेत, जिग (ट्यूब जागेवर धरणारा साचा) दुसऱ्या कामात अडकलाय, ऑक्सिजनचा सिलिंडर संपलाय. हीच कारणं प्रामाणिक कारागीरही देतात, आणि त्यांची खरी असतात.

फोटोही आले. सोनेरी जोड, त्यावर कानशीच्या बारीक रेघा, बघतच राहावं असं काम. त्यातल्या एका फोटोत डिस्क ब्रेकचे टॅब उजवीकडे होते आणि चेनची बाजू डावीकडे. मी विचारलं, तर म्हणाला, “अहो, मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलाय, तो उलटाच दाखवतो.” वर्कशॉपमध्ये फ्रेमबरोबर सेल्फी कोण काढतं, हा प्रश्न वेगळा. खरं कारण पुढे कळलं. फोटो दुसऱ्याच कारागिराचे होते, आणि इमेज सर्चमध्ये सापडू नयेत म्हणून आरशासारखे उलटवलेले. मी तो फोटो पुन्हा सुलटा करून शोधला तेव्हा मूळ चित्र पहिल्याच पानावर आलं. त्या फ्रेमला डाउन ट्यूबखाली, म्हणजे हँडलपाशून पेडलकडे उतरणाऱ्या नळीखाली, तिसऱ्या बाटलीसाठीही स्क्रूची भोकं होती. माझ्या ऑर्डरमध्ये ती मागितलेलीच नव्हती.

मग आला रंगाचा विषय. ठरलं होतं पावडर कोटिंग. अचानक त्याचं मत पालटलं. पावडर जाड बसते, तुमच्या जोडांची नजाकत झाकली जाईल, स्प्रे पेंटच करू, आणि पेंटरला रोख द्यायचे आहेत तेव्हा उरलेली सगळी रक्कम आत्ताच पाठवा. ऐकायला हे रसिकाचं बोलणं वाटतं. कारण मात्र भट्टीत होतं. पावडर कोट १८० ते २०० अंशांना भाजावा लागतो, आणि गाडीचे पोचे भरायची साधी पॉलिएस्टर पुट्टी त्या उष्णतेत टिकत नाही, फुगते, सुटते. ब्रेझिंगच्या फ्रेमवर कुणी पावडर कोट टाळायला लागलं तर आधी कारण विचारा. स्प्रे पेंट आवडणारे सज्जन कारागीर आहेत, नाही असं नाही, पण ते तसं ऑर्डर घेतानाच सांगतात.

फ्रेम आली ती दिसायला देखणी, वर रेनॉल्ड्सचं स्टिकर. हातात घेतली आणि वजन खटकलं. कबूल केलं होतं २.३ किलो, काट्यावर भरली ३.६. त्याचं उत्तर तयार होतं: “स्टील आहे, जड असणारच.” हे वाक्य तुम्हालाही ऐकवलं जाईल, म्हणून त्याचा हिशेब मांडतो. स्वस्त हाय-टेन्साइल असो की ७२५, एका घन सेंटिमीटरचं वजन तेच, साधारण ७.८५ ग्रॅम. भारी स्टील हलकं नसतं. ते जास्त ताकदीचं असतं, म्हणून ट्यूबची भिंत पातळ ठेवता येते. त्यातही टोकांना, जिथे जोड येतो तिथे, ०.८ मिमी आणि मधे ०.५ अशी जाडी बदलतात. यालाच बटिंग म्हणतात, आणि रेनॉल्ड्सचं पेटंट १८९७ चं आहे. आता ३५ मिमी व्यासाची ७० सेंटिमीटर लांब डाउन ट्यूब घ्या. अशी बटेड असेल तर ती ४०० ग्रॅमच्या आत-बाहेर भरते. सरसकट दीड मिमी भिंतीची असेल तर जवळपास ८७०. एका ट्यूबमध्ये एवढा फरक, मग सगळ्या फ्रेमचा किलोभर सहज होतो. मापं लिहून घेतलेली असतील तर एक वजनकाटा अर्धी चौकशी करून देतो.

पुढचं बोटाने कळलं. सीट ट्यूबमध्ये बोट घालून फिरवलं तर आत उभी कड लागली. पट्टी वाकवून वेल्ड केलेल्या स्वस्त नळीला अशी शिवण असते. ७२५ ची ट्यूब सीमलेस, तिच्यात ही कड लागायचं कारणच नाही. स्टिकरचं म्हणाल तर त्याला काही अर्थ नाही. जुन्या सायकली सजवणाऱ्यांसाठी हुबेहूब नकला सुट्या विकत मिळतात.

तरीही, ट्यूब हलक्या दर्जाच्या पण जोड पक्के, असं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. हेड ट्यूब (फोर्क जिच्यात बसतो ती पुढची आखूड नळी) आणि डाउन ट्यूबच्या जोडाखाली रंगाला केसासारखी भेग दिसली. अजून त्या फ्रेमवर खडबडीत वाटेवर गेलोही नव्हतो. टोकदार खिळ्याने तिथे खरवडलं. पितळ असतं तर चकचकीत पिवळं दिसलं असतं. निघाली फिकट गुलाबी भुकटी. कुणी सुचवलं, लोहचुंबक लावून बघ. उपयोग नाही: पुट्टीला चुंबक चिकटत नाही तसा पितळालाही चिकटत नाही. खरवडणं हाच उपाय.

ओळखीच्या एका जुन्या ब्रेझरने ती फ्रेम हॅक्सॉने कापली. पुट्टीखाली टिग वेल्डिंगचे (विजेच्या ठिणगीने स्टील वितळवून केलेल्या जोडाचे) तुटक टाके होते, अखंड वेल्ड कुठेच नाही. ट्यूबचं टोक समोरच्या गोलाईला चपखल बसेल असं घासून घ्यावं लागतं, तेही केलेलं नव्हतं. फट राहिली होती, ती पुट्टीने बुजवलेली. व्हर्निअरने भिंत मोजली, तर टोकाला आणि मधे सारखीच, दीड मिमी. फोर्कवर येणारा प्रत्येक दणका डाउन ट्यूबच्या याच जोडात उतरतो. तो सुटला तर पुढचं चाक फोर्कसकट मोकळं होतं.

त्याला कापलेल्या तुकड्यांचे फोटो पाठवले. आधी म्हणाला, थोडी पुट्टी सगळेच लावतात. यात अर्धं सत्य आहे. रंगाआधी एखादा बारीक खड्डा भरून घेणारे असतात, पण जोडच पुट्टीचा करणारे नाहीत. मग म्हणाला, हाताचं काम आहे, उन्नीस-बीस चालायचंच. शेवटी फ्रेम कापल्यामुळे हमी संपली म्हणाला आणि नंबर ब्लॉक केला. ट्यूबचं नाव, भिंतीची जाडी, जोडाचा प्रकार आणि अंदाजे वजन हे सगळं चॅटमध्ये त्याच्याच शब्दांत होतं, म्हणून तक्रार तरी करता आली. पैसे आजवर परत आलेले नाहीत. हल्ली तो नव्या नावाने ऑर्डर घेतोय, आणि फोटोंत तो उलटवलेला फोटोही आहे.

खरा कारागीर उघडी फ्रेम दाखवायला आढेवेढे घेत नाही, उलट रंग चढण्याआधी बघून जा म्हणून मागे लागतो, कारण त्याचं कौतुक व्हायची जागा तीच. लांब असाल तर व्हिडिओ कॉलवर बघा. फ्रेम त्याच्या हातात असू दे, तुमचं नाव लिहिलेला कागद शेजारी, आणि जोडावरून कॅमेरा सावकाश फिरवायला सांगा. पैसे विसार, ट्यूब आल्यावर आणि उघडी फ्रेम बघितल्यावर असे तोडून द्या.

ज्यांच्याकडे अशी संशयास्पद फ्रेम आधीच आली आहे, त्यांनी तपासणी होईपर्यंत ती उतारावर नेऊ नये. डाउन ट्यूबच्या वरच्या टोकाशी, खालच्या अंगाला, जोडाच्या गोलव्यावर नखाएवढी जागा खरवडा. तेवढा रंग पुन्हा मारता येतो. पिवळं पितळ दिसलं तर जोडाबद्दलची पहिली शंका फिटली. भुकटी निघाली तर त्याच दिवशी फोर्क आणि चाकं काढून घ्या, फोटो काढा आणि चॅट जपून ठेवा. अल्ट्रासॉनिक थिकनेस गेज असलेला वर्कशॉप मिळाला तर फ्रेम न कापताही भिंतीची जाडी कळते. टोकाला आणि मधे, दोन्हीकडे मोजून घ्या.