बोलका रोबोट व्हॅक्यूम की बीपवाला?

सक्शन, बॅटरी, मॅपिंग यांची तुलना सगळीकडे मिळते, म्हणून ती इथे करत नाही. मी दोन्ही प्रकार वापरलेत: एक नाव असलेला, माणसासारखा बोलणारा, दुसरा नुसता दिवा आणि बीप. सफाईत मला तरी डावं-उजवं करण्यासारखं काही दिसलं नाही. फरक पडला तो घरच्यांच्या वागण्यात.

बोलक्याची बाजू लंगडी नाही. आपोआप फिरणाऱ्या यंत्राची सुरुवातीची धास्ती आवाजामुळे लवकर जाते. 2014 साली वेट्झ, हेफनर आणि एप्ली या संशोधकांनी ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर असंच काहीसं तपासलं होतं. स्वयंचलित गाडीला ‘आयरिस’ हे नाव आणि बाईचा आवाज दिल्यावर लोकांचा तिच्यावर जास्त विश्वास बसला. समोरच्याच्या चुकीने अपघात झाला, तेव्हाही तशाच पण बिननावाच्या गाडीपेक्षा तिला कमी दोष दिला गेला.

नेमकी हीच सवलत मला घरात नडली. बोलका पलंगाखाली अडकला की आधी दिलगिरी, मग मदतीची विनवणी. ब्रशला केस गुंडाळलेत की चाक अधांतरी आहे, ते मात्र ॲप उघडल्याशिवाय कळायचं नाही. आवाज असा गरीब की कुणी चिडायचंच नाही. जो जवळ असेल तो उचलून मोकळ्या जागी ठेवायचा, आणि थोड्या वेळाने पुन्हा तीच विनवणी. असं वारंवार अडकणारं दुसरं कुठलंही यंत्र आम्ही परतीच्या मुदतीतच परत केलं असतं. याच्या बाबतीत तो विषयच निघाला नाही.

बीपवाल्याचं तसं नाही. बीप वाजते, ब्रशच्या बाजूचा दिवा लाल होतो. उलटा करायचा, ब्रश काढायचा, दोन्ही टोकांना आवळून बसलेले केस कात्रीने कापायचे, की चालू. रुक्ष आहे खरा, पण त्याच्यावर राग येतो आणि त्या रागापोटी ब्रश साफ होतो.

अर्थात, ज्यांना दिवा नीट दिसत नाही त्यांच्यासाठी आवाज ही खरी सोय आहे. त्यांनी बोलकाच घ्यावा. सगळे बोलके सारखे असतील असंही नाही. घेण्याआधी जमल्यास त्याचं चाक मुद्दाम अडवून बघा. पहिल्याच वाक्यात बिघाड सांगत असेल तर हरकत नाही. नुसती माफीच मागत असेल, तर मी बीपवाल्याकडे वळेन. आता घरात तोच आहे.