गोदामातील स्विच कार्यालयातून सांभाळताना: ‘पुटी’चा परिचय आणि परखड मत

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या गोदामात बसवलेला सिस्कोचा स्विच (संगणक व इतर उपकरणे नेटवर्कने जोडणारे यंत्र) विश्रामबागेतील कार्यालयाच्या संगणकावरून सांभाळण्यासाठी मी ‘पुटी’ (PuTTY) हे दुसऱ्या यंत्राला टंकून आज्ञा देण्याचे मोफत सॉफ्टवेअर वापरतो. दोन्ही जागा व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरून जाणाऱ्या सुरक्षित खासगी जोडणीने, जोडलेल्या आहेत. १९९९ पासून उपलब्ध असलेल्या या सॉफ्टवेअरचे रूप आजही जुनाटच आहे, पण स्विचच्या कामाला आज्ञा टंकायच्या काळ्या खिडकीपेक्षा अधिक काही लागत नाही.

पहिली जुळणी मात्र गोदामात जाऊनच करावी लागते. कन्सोल केबल (स्विचला थेट जोडणारी तार) लॅपटॉपला लावून पुटीत ‘सिरियल’ निवडायचे, कॉम पोर्टचा (विंडोजने त्या केबलला दिलेल्या जोडणीचा) क्रमांक डिव्हाइस मॅनेजरमध्ये पाहून भरायचा आणि वेग ९६०० ठेवायचा. मग व्यवस्थापनाच्या व्हीलॅनला (नेटवर्कच्या आभासी विभागाला) आयपी पत्ता द्यायचा, आरएसए ही सांकेतिक किल्ली तयार करायची आणि दुरून जोडण्याची टेलनेट ही पद्धत बंद करून फक्त एसएसएच ही सांकेतिक रूपात माहिती पाठवणारी पद्धत चालू ठेवायची, कारण टेलनेटमध्ये पासवर्डसुद्धा उघड्या अक्षरांत जातो. डीफॉल्ट गेटवे (दुसऱ्या नेटवर्ककडे जाण्याच्या वाटेचा पत्ता) द्यायचा राहिला, तर गोदामातून सारे सुरळीत दिसते आणि कार्यालयातून स्विच उत्तरच देत नाही.

पहिल्यांदा जोडताना पुटी स्विचच्या किल्लीचा ठसा (तिची ओळख पटवणारी अक्षरांची ओळ) दाखवते आणि पुढे तो बदलला तर ठळक इशारा देते. स्विच किंवा त्याची किल्ली आपण स्वतः बदललेली नसेल, तर तेथेच थांबावे. जुन्या स्विचशी जोडताना सांकेतिक पद्धत कमकुवत असल्याचेही ती सांगते. हा सावधपणा मला तिचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

दोष सांगायचा तर माऊसचा. उजवे बटण दाबताच कॉपी केलेला मजकूर कोणतीही विचारणा न होता थेट आज्ञेच्या ओळीत पडतो, आणि त्यात अनेक ओळी असतील तर त्या एकामागोमाग अमलातही येतात; चालू स्विचवर हे भलतेच धोक्याचे आहे. सुदैवाने ‘विंडो’ विभागातील ‘सिलेक्शन’मध्ये बटणांची वागणूक बदलता येते. बदल करून ‘सेशन’च्या पानावर परत येऊन ‘सेव्ह’ दाबले नाही, तर पुढच्या वेळी सारे पूर्ववत झालेले असते, ही रचना मला आजही अनाकलनीय वाटते.

ज्या पोर्टमधून आपण स्विचपर्यंत पोहोचलो आहोत, त्याच्याशीच संबंधित बदल दुरून करताना मी आधी ‘रीलोड इन १०’ ही आज्ञा देतो. संपर्क तुटला तर दहा मिनिटांनी स्विच स्वतः रीस्टार्ट होऊन जतन केलेल्या जुन्या मांडणीवर (कॉन्फिगरेशनवर) येतो. सर्व ठीक असेल तर ‘रीलोड कॅन्सल’ करून नवी मांडणी जतन करायची. ही सोय स्विचची आहे, पुटीची नव्हे.

केवळ एसएसएचच हवे असेल, तर विंडोज १० व ११ मध्ये त्याची सोय असतेच आणि वेगळे काही घेण्याची गरज नाही. कन्सोल केबलही हाताळायची असेल, तर पुटी अवश्य ठेवावी.