पीएचपीचं अ‍ॅरे मॅप: बरेच महिने रोज वापरल्यावर

पीएचपी या वेब प्रोग्रामिंगच्या भाषेत अ‍ॅरेतल्या (म्हणजे यादीतल्या) प्रत्येक एलिमेंटवर एकच फंक्शन चालवायचं तर फॉरईच (एकेक एलिमेंट घेणारा लूप) लिहायचा की अ‍ॅरे मॅप (ते फंक्शन सगळ्यांवर लावून नवा अ‍ॅरे देणारं), यावर आमच्या टीममध्ये कायम वाद. मी गेले काही महिने मुद्दाम जमेल तिथे मॅपच वापरतोय, म्हणून लिहितोय.

आमचं काम म्हणजे दुकानदारांच्या एक्सेलमधून आलेल्या सीएसव्ही फायली साफ करून डेटाबेसमध्ये टाकणं. नावाच्या मागेपुढे स्पेस, पिनकोडमध्ये टॅब, काय वाट्टेल ते असतं. मॅपला ट्रिम (टोकांच्या स्पेस छाटणारं फंक्शन) दिलं की एका ओळीत विषय संपतो, रिकामा अ‍ॅरे बनवा मग त्यात एकेक ढकला ही कटकट नाही, मूळ अ‍ॅरेही तसाच राहतो. (एक्सेलमधली नॉन-ब्रेकिंग स्पेस, म्हणजे स्पेससारखंच दिसणारं वेगळं अक्षर, ट्रिमने जात नाही, पण त्यात मॅपचा काय दोष!) पीएचपी ७.४ पासून अ‍ॅरो फंक्शन (एका ओळीत लिहायचं छोटं फंक्शन) आल्यामुळे तर फारच सुटसुटीत झालंय, बाहेरचं व्हेरिएबल आत थेट मिळतं. ८.१ वर गेल्यावर मात्र लॉग डेप्रिकेशनच्या सूचनांनी ('हे पुढे बंद होणार') भरून गेला, कारण नल, म्हणजे व्हॅल्यूच नसणं, ट्रिमला देणं तिथपासून डेप्रिकेटेड झालं.

आता मुख्य गोष्ट. मॅप कॉलबॅकला (आपण दिलेल्या फंक्शनला) फक्त व्हॅल्यू देतं, 'की' म्हणजे एलिमेंटचा क्रमांक किंवा नाव देत नाही. सगळे याच्याच नावाने बोटं मोडतात पण मला हे आवडतं. जावास्क्रिप्टचं मॅप इंडेक्सही पाठवतं, म्हणून तिथे '१०' अशा तीन स्ट्रिंगांवर नुसतं पार्सइंट (स्ट्रिंगचा पूर्णांक करणारं) लावलं की १०, नॅन ('आकडा नाही') आणि २ असं येतं, कारण इंडेक्स रेडिक्स (संख्यापद्धतीचा पाया) म्हणून घुसतो. पीएचपीत त्याच कामाचं इंटव्हॅल लावा, तिन्ही वेळा १०च.

की हवीच असेल तर लोक मॅपला दुसरा अ‍ॅरे म्हणून अ‍ॅरे कीज (सगळ्या कीजची यादी) देतात. आमच्याकडे एका पोराने ट्रिमसोबतच हे केलं. ट्रिमचं दुसरं पॅरामीटर म्हणजे कोणती अक्षरं छाटायची ती, मग काय, पहिल्या ओळीत की ० असल्यामुळे ०२३१ने सुरू होणाऱ्या कोल्हापूरच्या नंबरचा शून्य उडाला, दुसऱ्या ओळीत टोकाचे १ उडाले आणि स्पेस होत्या तिथेच. एरर काही नाही, वॉर्निंग नाही, दुकानदाराचा फोन आला तेव्हा कळलं. शिवाय दोन अ‍ॅरे दिले की मूळ कीज जातात, निकाल ०, १, २ असा नव्याने मोजलेला येतो, एकच अ‍ॅरे दिला तर कीज टिकतात. हे डॉक्युमेंटेशनमध्ये आहे पण वाचतंय कोण.

चीड आणणारी गोष्ट म्हणजे आर्ग्युमेंटचा क्रम, मॅपमध्ये कॉलबॅक आधी, अ‍ॅरे फिल्टरमध्ये (नको ते एलिमेंट गाळणारं) अ‍ॅरे आधी. इतक्या महिन्यांनंतरही एडिटरने सांगितल्याशिवाय मला खात्री वाटत नाही. आणि फिल्टर करून मॅप केलं की मधल्या कीज गळालेल्या असतात, ते तसंच जेसन एन्कोडला (डेटा ब्राउझरकडे पाठवायच्या फॉरमॅटमध्ये बदलणारं) दिलं की लिस्टऐवजी ऑब्जेक्ट जातो आणि फ्रंटएंडवाले आपल्यावर डाफरतात. अ‍ॅरे व्हॅल्यूज लावून, म्हणजे कीज ० पासून नव्याने मोजून पाठवा.

मधेच थांबायचं असेल तर मॅप वापरू नका, त्यात ब्रेक नाही, तिथे फॉरईचच बरा. ८.४ मध्ये अ‍ॅरे फाइंड (अटीत बसणारा पहिला एलिमेंट शोधून थांबणारं) आलंय त्यासाठी, पण आमचा सर्व्हर अजून ८.२ वर आहे, त्यामुळे त्याबद्दल वापरून झाल्यावर लिहीन.