झेडझेडचं पान कुठे रुजवावं: ग्लासात की डब्यात?

घरात कुंडीत लावायचं झेडझेड (ZZ plant) मुळातच संथ. पूर्व आफ्रिकेतलं हे झाड कोरड्या दिवसांसाठी कंदात पाणी साठवतं. सुटं पान रुजवलं तरी ते आधी देठाशी इवलासा कंद धरतं, कोंब त्यानंतर. यात वर्ष सहज जातं. त्यामुळे इतके महिने कशाची निगा राखणं जमेल, ते बघून पद्धत निवडावी. घरी जुनी, गच्च भरलेली कुंडी असेल तर सरळ कंद वेगळे करून लावा, पानांच्या वाटेला जाऊ नका.

दादरच्या घरी मी पाण्यात आणि मातीत, दोन्ही करून पाहिलंय. जूनमध्ये एकाच झाडाची बारा पानं काढली, दिवसभर सावलीत ठेवून काप सुकू दिला. सहा पानं काचेच्या ग्लासात पाण्यात, सहा कुंडीत. (चिकाने त्वचा चुरचुरते, काम झाल्यावर हात धुवा.)

ग्लासाचं सुख मोठं, हे मोकळेपणाने सांगतो. दीडेक महिन्यात देठाचं टोक फुगलं, पांढरी मुळं दिसू लागली. आई सकाळी चहाचं आधण ठेवलं की ग्लास उजेडाकडे धरून बघायची. कुंडीत मात्र मी नर्सरीतली लाल माती तशीच भरली होती. पावसाळाभर ती सुकलीच नाही आणि सहापैकी चार पानं कुजली. त्या वर्षी पाणीच सरस ठरलं.

मग गणपती आले. आम्ही नऊ दिवस कोकणात, गावी. परत येऊन बघतो तर ग्लासात अळ्या वळवळत होत्या. डेंग्यू पसरवणारा एडिस डास असल्या स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. त्याच महिन्यात आमच्या मजल्यावर दोघांना डेंग्यू झाला होता. तो आमच्याच ग्लासातून गेला असं म्हणता येणार नाही, पण मला ते फार लागलं.

नुसतं पाणी बदलूनही भागत नाही. अंडी काचेला चिकटून बसतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. म्हणजे दर तीन-चार दिवसांनी पानं उचला, ग्लास आतून घासा, पानं परत ठेवा, तेही नाजूक मुळं सांभाळून. हे सहा-आठ महिने चालवायचं. शेजारच्या काकूंना किल्ली देऊन 'झाडांना पाणी घाला' सांगता येतं. एवढा खटाटोप कसा सांगणार? तोंडाला जाळीचं कापड बांधून पाहिलं, पण पानं बाहेर येतात तिथे फट राहतेच.

पुढच्या जूनला आइस्क्रीमचा पारदर्शक डबा घेतला, बुडाला भोकं पाडली आणि अर्धं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), अर्धी जाड रेती भरली. खालच्या ताटलीत पाणी साठू दिलं नाही. पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा पाणी पुरलं. आणि ज्यासाठी आईला ग्लास आवडायचा, ती मुळं इथेही डब्याच्या कडेने दिसली. सहापैकी पाच पानं जगली.

तुम्ही घर सोडून फारसे जात नसाल आणि रोज बघण्यातच आनंद असेल, तर दोन-तीन पानं ग्लासात जरूर ठेवा. मात्र माझी पाण्यातली पानं मातीत हलवल्यावर दोन महिने ढिम्म होती. कदाचित हलवताना माझ्या हातून मुळं दुखावली असतील. डब्यात ती उठाठेव लवकर करावी लागत नाही.

गेल्या वर्षी गणपतीत डबा खिडकीत तसाच ठेवून आम्ही गावी गेलो. या जुलैत पाचपैकी तीन पानांशेजारी कोंब वर आलेत. उरलेली दोन पानं अजून हिरवीगार आहेत, म्हणून त्यांना उकरून बघत नाही.